फाइल जागेवरच आहे, सूची बिघडली आहे

फाइल फोल्डरमध्ये समोर दिसते आहे. पण तिचे नाव शोधचौकटीत लिहावे, तर काहीच सापडत नाही. काम गेले की काय, या धास्तीने पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा गेलेले काहीच नसते. बिघडलेली असते ती सूची.

मॅक संगणकांवर ‘स्पॉटलाइट’ हा शोध एप्रिल २००५ मध्ये ‘टायगर’ या आवृत्तीबरोबर आला. आपण शब्द लिहिला की तो सगळी डिस्क चाळत बसत नाही. जाड ग्रंथाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे हे सांगणारी शब्दसूची असते. तशीच सूची तो आधी करून ठेवतो. फाइल जतन झाली की पडद्यामागची एक प्रक्रिया ती वाचते आणि त्यातले शब्द, तारीख, प्रकार सूचीत टिपते. ही सूची त्या डिस्कवरच एका लपलेल्या फोल्डरमध्ये असते. मशीन अचानक बंद पडले किंवा डिस्क काठोकाठ भरली, तर सूची आणि फाइली यांचा मेळ तुटू शकतो.

हा मेळ पुन्हा बसवण्याची आज्ञा ‘टर्मिनल’ या आज्ञा टंकण्याच्या ॲपमध्ये आहे: एमडीयूटिल. रोमन लिपीत एम, डी, यू, टी, आय, एल ही सहा अक्षरे सलग लिहायची. पुढे जागा सोडून छोटी आडवी रेघ आणि तिला चिकटून एक अक्षर. पुन्हा जागा सोडून डिस्कचा पत्ता. मुख्य डिस्कसाठी नुसती तिरकी रेघ पुरते. लहान ‘एस’ दिला की सूची चालू आहे की बंद, ते कळते. मोठा ‘ई’ दिला की जुनी सूची पुसली जाऊन नवी बांधायला घेतली जाते. त्यासाठी आज्ञेच्या आधी ‘सुडो’ (एस, यू, डी, ओ) लिहून पासवर्ड द्यावा लागतो. तो टंकताना पडद्यावर काही उमटत नाही, म्हणून गोंधळू नये. लहान ‘आय’पुढे ‘ऑफ’ लिहिले की त्या डिस्कची सूची ठेवणे थांबते. नुसत्या साठवणीच्या डिस्कसाठी हे उपयोगी आहे.

पुसली जाते ती सूची. फाइलींना धक्का लागत नाही. मात्र फाइली भरपूर असतील तर नवी सूची व्हायला काही तास लागू शकतात. तोवर शोध अर्धवट उत्तरे देईल आणि पंखाही जोरात फिरेल. सारखी आज्ञा दिली तर काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. एकदा द्यावी आणि मशीन रात्रभर चालू ठेवावे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत साठलेले असतात रोमन अक्षरांचे संकेतांक. सूची आकार पाहत नाही, संकेतांक वाचते. म्हणून ‘पाऊस’ शोधला तर त्या फाइलीतला ‘पाऊस’ तिला ओळखू येत नाही. ती कितीदाही नव्याने बांधली तरी हे बदलणार नाही. मजकूरच युनिकोडमध्ये आणावा लागेल. घराघरांत जुन्या डिस्कवर कथा, पत्रे, स्मरणिका पडून आहेत. नाव आठवणारा माणूस आहे तोवर त्या उघडता येतील. पुढच्या पिढीला मात्र त्या शोधूनच काढाव्या लागतील, आणि त्यासाठी हे रूपांतर आज आपणच करायला हवे.