वाफेची विहीर आणि पुनर्भरण : वायराकेईचा धडा

विहिरीचा उपसा तिच्या झऱ्याच्या बेताने करावा, हे शेतकरी बांधवांस नव्याने सांगावयास नको. वाफेच्या विहिरींनाही हाच नियम लागू पडतो, हे न्यूझीलंडमधील वायराकेई क्षेत्राच्या इतिहासावरून दिसून येते.

उष्णतेचा उगम

न्यूझीलंडच्या उत्तर बेटात, तौपो सरोवराच्या परिसरात, ज्वालामुखींचा पट्टा पसरलेला आहे. पूर्वेकडील पॅसिफिक भूपट्ट या बेटाखाली सरकत असल्याने खोलवर शिलारस तयार होतो. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी त्याच्या उष्णतेने तापून वर चढते आणि ज्वालामुखीच्या राखेच्या व सच्छिद्र दगडाच्या थरांत साठते. त्यांवर प्राचीन सरोवरातील गाळापासून बनलेला घट्ट खडक झाकणाप्रमाणे बसलेला आहे. त्यामुळे सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले पाणीही दाबाखाली द्रवरूपच राहते.

महाराष्ट्राचा काळा पाषाणही लाव्हारसाचाच. परंतु त्यास सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली असून त्याची मूळ उष्णता केव्हाच निवाली आहे. वज्रेश्वरी वा उन्हवरे येथील कुंडांचे पाणी तापते, ते भेगांतून खोल उतरल्यामुळे.

विकास आणि त्याची किंमत

वायराकेई येथे १९५० च्या सुमारास विंधन विहिरी खोदण्यास प्रारंभ झाला व १९५८ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. इटलीतील लार्देरेल्लो येथे त्यापूर्वीच कोरड्या वाफेवर वीज तयार होत होती. परंतु येथे वाफ व उकळते पाणी एकत्र वर येत असल्याने प्रथम वाफ वेगळी करून ती जनित्रांकडे न्यावी लागे. उरलेले पाणी अनेक वर्षे वायकातो नदीत सोडण्यात आले. त्यात आर्सेनिक असल्याने नदीचे पाणी दूषित होण्याचा प्रश्न उभा राहिला.

याहून मोठा परिणाम भूगर्भात झाला. उपसा मोठा व भरणा अल्प, यामुळे आतील दाब घटला. जवळच्या खोऱ्यातील प्रसिद्ध उष्णोदकाचे फवारे १९६० नंतरच्या दशकात बंद पडले. काही ठिकाणी तर जमीन सुमारे १५ मीटर खचली. खचलेली जमीन पुन्हा वर आणता येत नाही.

पुनर्भरणाचा मार्ग

१९९० नंतरच्या दशकात वापरलेले पाणी विंधन विहिरींद्वारे पुन्हा जमिनीत सोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. त्यायोगे दाब सावरण्यास मदत होते व नदीवरील भारही हलका होतो. मात्र हे निवलेले पाणी चुकीच्या जागी सोडल्यास उत्पादक विहिरीच थंड पडण्याचा धोका असतो. म्हणून खडकातील भेगांचा अभ्यास करूनच जागा निवडावी लागते.

या उष्णतेचा लाभ शेतीलाही मिळतो. त्याच परिसरातील मोकाई येथे, माओरी न्यासांच्या पुढाकाराने उभारलेल्या दुग्धप्रक्रिया कारखान्यात २०११ पासून भूगर्भातील वाफेच्या साहाय्याने दुधाची भुकटी तयार होते.

भूगर्भातील साठा पाण्याचा असो वा उष्णतेचा, तो अक्षय समजून चालत नाही. उपशाची योजना आखतानाच पुनर्भरणाचीही योजना आखावी, हाच वायराकेईचा धडा होय.