अपंगत्व व धार्मिक दृष्टिकोन

अंधत्व, बधिरत्व, पंगुत्व, मनोदौर्बल्य इ. व्यंगांविषयी निरनिराळ्या धर्मांच्या अनुयायांत रूढ असलेल्या समजुती व आचार. व्यंग कशामुळे येते, व्यंग असलेल्या व्यक्तीस धर्मकृत्यांचा अधिकार आहे काय आणि तिच्याविषयी समाजाचे कर्तव्य कोणते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून हा दृष्टिकोन घडतो.

बहुतेक धर्मांत बहिष्कार व अनुकंपा या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आढळतात. ज्यू धर्मग्रंथांपैकी ‘लेवीय’ या ग्रंथात सव्यंग याजकास वेदीवर अर्पण करण्याची मनाई आहे. तथापि पवित्र अन्नातील त्याचा वाटा कायम ठेवला असून आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, अशी आज्ञाही त्यातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, एका जन्मांधाचे अंधत्व हे त्याच्या वा त्याच्या आईबापांच्या पापाचे फळ नव्हे, असे येशू ख्रिस्ताने सांगितले आहे. कुराणाच्या ८० व्या अध्यायात आंधळ्या जिज्ञासूकडे पाठ फिरविणे निंद्य मानले आहे. हिंदू, बौद्ध व जैन परंपरांत व्यंगाचा संबंध बहुधा पूर्वकर्माशी जोडला जातो. बौद्ध संघात कुष्ठादी रोग असलेल्यांस प्रव्रज्या देत नसत.

अशा समजुतींचे व्यावहारिक परिणाम भारतातील वैयक्तिक कायद्यांत स्पष्ट दिसतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायानुसार जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त इत्यादींना पितृधनात वाटा नाही. मात्र त्यांना अन्नवस्त्र देणे दायादांवर बंधनकारक आहे. धर्मकृत्यांचा अधिकार नाही म्हणून संपत्तीचाही नाही, असे त्याचे समर्थन करण्यात येई. मुस्लिम वारसाविधीत व्यंग हे वारसा नाकारण्याचे कारण नाही. त्यामुळे ब्रिटिश अंमलात एकाच गावातील दोन जन्मांधांपैकी एकास हिस्सा व दुसऱ्यास केवळ पोटगी, असा भेद धर्मामुळे संभवत असे. १९२८ च्या अधिनियमाने ही अपात्रता बव्हंशी दूर केली. परंतु जन्मजात वेडसर व जडबुद्धी व्यक्ती आणि दायभाग पंथाचे अनुयायी त्यातून वगळले होते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २८ अन्वये व्यंगमूलक अपात्रता सर्वस्वी संपुष्टात आली.

धर्मभेद असूनही काही पूर्वग्रह समान असतात. हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती या तिन्ही विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ मध्ये वगळण्यात आले. उलटपक्षी, ज्या परंपरेने जन्मांधास वारसा नाकारला तिनेच बालपणीच दृष्टी गेलेल्या विदर्भातील गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून संतपद दिले. यावरून धर्माची शिकवण एकमुखी नसून तिच्यातील कोणता अंश समाज उचलून धरतो, यावर अपंगांचे स्थान अवलंबून असते, असे दिसते. अनुकंपेने अन्नवस्त्र मिळाले, तरी समान हक्क मात्र कायद्यानेच द्यावा लागला.