पहिला बर्फ, फसवा बर्फ

हिमालयात बर्फ पडल्याची बातमी आली, की निफाडच्या द्राक्षबागायतदाराचे लक्ष तापमापकाकडे जाते. पश्चिमी झंझावात पुढे सरकताच उत्तरेचे गार वारे मोकळे होतात, पारा घसरतो आणि बागांत शेकोट्या पेटतात. दिवाळीच्या सुटीत हिमालयाची वाट धरणाऱ्या नाशिकच्या गिरिप्रेमींना मात्र 'यंदा बर्फ लवकर आला' हे शुभवर्तमान वाटते. वस्तुतः हंगामाच्या आरंभीचा हा पातळ थर पुढे मोठ्या हिमस्खलनाचा पाया ठरू शकतो.

कारण बर्फाच्या पोटात असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वीतभर बर्फ पडतो आणि आकाश निरभ्र होते. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग रात्री त्याहून कितीतरी खाली गारठतो. एवढा फरक वीतभर जाडीत सामावल्याने तळाची वाफ वेगाने वर सरकते आणि बर्फाच्या कणांचे मोठे, कंगोरेदार, सुटे खडे बनतात. मुठीत घेतले तर ते जाड्या साखरेसारखे गळून पडतात. थर जाड असता, तर हाच फरक अधिक उंचीत विभागला जाऊन कण एकमेकांना चिकटले असते. आता या साखरेवर पुढच्या वादळाचा बर्फ बसतो, वारा त्यात भर घालतो आणि वर एकसंध लादी तयार होते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला, की ती सुटायला एका माणसाचे वजनही पुरते.

सह्याद्रीत दरड कोसळते ती बहुधा मुसळधार पावसात, म्हणून ऊन पडले की आपण निर्धास्त होतो. हिमालयात ही सवय घातक ठरते. वादळानंतरची लख्ख सकाळ हीच तिथे धोक्याची वेळ असते.

अनुभवही नेहमी तारून नेत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडमधील 'द्रौपदी का डांडा-२' या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक हिमस्खलनात सापडले. त्यात २९ जणांचा बळी गेला. मे २०२२ मध्येच एव्हरेस्ट आणि मकालू सर करणाऱ्या प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांत होत्या. त्यापूर्वी, १२ ऑक्टोबर २०१४ रोजी 'हुदहुद' चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकले आणि दोनच दिवसांत त्याच्या अवशेषांनी नेपाळातील अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ व हिमस्खलने घडवली. चाळीसहून अधिक लोक दगावले. त्यांत शिखराची आस नसलेले साधे पदभ्रमणकर्तेही होते.

पायाखाली 'धप्प' असा पोकळ आवाज येणे किंवा बर्फात तडा धावत जाणे, ही मागे फिरण्याची स्पष्ट खूण. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. हेलिकॉप्टर तेवढ्यात पोहोचत नाही. संकेतयंत्र, शोधकाठी आणि फावडे घेतलेला सोबतीच काय तो उपयोगी पडतो. आयोजकाला जेवणाचा बेत विचारणाऱ्यांनी या तीन वस्तूंचीही चौकशी करावी. डीआरडीओची चंदीगड येथील डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तेही पाहावेत.

ताज्या हिमवर्षावानंतर निदान एक-दोन दिवस तीव्र उतार टाळावेत, असा जाणकारांचा प्रघात आहे. आपल्याकडून निघणाऱ्या गटांची रजा मात्र मोजकी असते आणि परतीचे आरक्षण महिनोन् महिने आधी झालेले. म्हणूनच ते काढतानाच दोन दिवस राखीव ठेवणे, ही हिमालयाची पहिली तयारी नाशिकरोड स्थानकावरच करता येते.