बोरीबंदरचा विजापुरी घुमट

बोरीबंदरला लोकलमधून उतरलेला पाहुणा स्टेशनाबाहेर आला की मान वर करून स्टेशनच बघत राहतो. ते साहजिकच आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही वास्तू 1878 ते 1888 अशी दहा वर्षं खपून उभी राहिली. पण तिच्या शेजारी काळ्या दगडाचं एक भलं मोठं घुमटाचं घर आहे, तिकडे तो बघेलच असं नाही. मुंबईकर त्याला जीपीओ, म्हणजे मोठं पोस्ट, म्हणतात आणि काम असलं तरच आत शिरतात. माझ्या मते मुंबईच्या वास्तुकलेनं दिशा कुठे बदलली हे सांगणारी याच्याइतकी स्पष्ट इमारत शहरात दुसरी नाही.

आधी मुंबईचं मोठं पोस्ट फ्लोरा फाउंटनपाशी होतं. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पडली आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात सरकारी इमारतींची रांग उभी राहू लागली, तेव्हाची ही गोष्ट. ट्रबशॉ आणि पॅरिस या सरकारी वास्तुरचनाकारांनी आखलेलं ते पोस्ट 1869 ते 1872 या काळात बांधलं गेलं. खरी व्हिक्टोरियन वास्तू ती. युरोपातल्या मध्ययुगाचं रूप तिनं घेतलं होतं. 1869 सालीच सुएझचा कालवा खुला झाला. विलायतेची डाक मुंबईत लवकर उतरू लागली, इथून ती आगगाडीनं देशभर जाऊ लागली आणि पुढे ती जागा अपुरी पडली. टपाल हलल्यावर तिथे तार ऑफिस आलं. टेलिग्रामची सेवा 2013 च्या जुलैत बंद होईपर्यंत दोन-तीन पिढ्यांनी ती वास्तू तार ऑफिस म्हणूनच ओळखली.

नव्या पोस्टासाठी जागा निवडली ती रेल्वेला खेटून आणि गोदीपासून जवळ. आराखडा जॉन बेग या स्कॉटिश वास्तुरचनाकाराचा. 1 सप्टेंबर 1904 ला काम सुरू झालं, 31 मार्च 1913 ला पुरं झालं आणि खर्च आला सुमारे 18 लाख रुपये. लोक या इमारतीला सरसकट व्हिक्टोरियन म्हणतात, पण राणी 1901 मध्येच वारली होती आणि तिच्या नावाच्या शैलीचा जोरही ओसरू लागला होता. बेगनं शेजारच्या स्टेशनाची नक्कल केली नाही. तो विजापूरकडे वळला.

विजापूर मराठी माणसाला परकं नाही. आदिलशाहीशिवाय शहाजीराजांची आणि शिवरायांची कथा सांगताच येत नाही. त्या दरबारातल्या मुहम्मद आदिलशहाची कबर म्हणजे गोलघुमट. त्याचा आतला व्यास जवळजवळ 124 फूट. बेगचा घुमट 65 फुटांचा, म्हणजे साधारण निम्मा. भोवती लहान घुमट आणि मिनार. विजापुरात त्या घुमटाखाली सुलतान विसावला आहे. बोरीबंदरला त्याच धर्तीच्या घुमटाखाली सामान्य माणूस पोस्टकार्ड घ्यायला उभा राहतो. राजाच्या कबरीचा डौल टपालाच्या खिडकीला मिळाला, आणि मला या इमारतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. साम्राज्याचा रुबाब दाखवण्याचा हेतू त्यात नव्हता असं कोण म्हणेल? पण दार मात्र सगळ्यांना उघडं राहिलं.

इमारत जवळून पाहायची तर भिंतीपासून सुरुवात करावी. मुख्य दगड आपला काळा बसाल्ट, सह्याद्रीतल्या गडकोटांचा. तो कठीण आणि चिवट, पण बारीक नक्षीला फारशी दाद देत नाही. त्यामुळे कडा आणि सजावट यांसाठी कुर्ल्याचा पिवळसर दगड आणि काठेवाडातल्या ध्रांगध्र्याचा पांढरा दगड वापरला आहे. पावसाळ्यात काळा दगड ओला होऊन आणखी गडद होतो आणि पिवळ्या-पांढऱ्या रेघा उठून दिसतात. ही वास्तू बघायची तर जुलैत बघावी.

आत गेलं की मधला गोल दिवाणखाना. बाहेर बसचे हॉर्न आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्या चालू असतात, पण इथे आवाज वर चढतो आणि विरून जातो. सुमारे 1,20,000 चौरस फुटांच्या या इमारतीत खिडक्यांमागे वर्गवारी, शिक्के, वजन, पावत्या चालतात.

याच खात्याच्या मनीऑर्डरीवर एके काळी कोकणातली घरं चालली. टपाल खात्यानं 1880 मध्ये मनीऑर्डर सुरू केली. गिरणगावात राबणाऱ्या चाकरमान्याचा पगार झाला की रत्नागिरीकडच्या गावात पोस्टमनची वाट बघितली जाई. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी जीपीओसमोर, कबुतरखान्याजवळ, पत्रलेखक बसत. खुशालीचा मजकूर, आजारपण, पैशाचा हिशेब, सगळं त्यांच्या कानावरून जाई. फोन आले आणि ते काम आटलं. मग ते फॉर्म भरून देऊ लागले, पार्सलं बांधू लागले. मांजरपाटाचं कापड खोक्यावर ताणायचं, दाभणानं शिवण घालायची, सांध्यांवर वितळलेली लाख टाकून मोहोर उठवायची आणि मग ठळक अक्षरांत पत्ता. ही कारागिरीही या वास्तूच्या वारशातच मोजायला हवी.

या पत्त्याखाली जे सहा आकडे येतात तेही मराठी माणसाचं देणं. कोकणातले संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी आखलेली पिन कोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. त्यात 400001 हा क्रमांक जीपीओचा.

बेगच्या हाताखाली जॉर्ज विटेट हा वास्तुरचनाकार होता. पुढे त्यानं म्युझियम बांधलं, त्यावरही विजापुरी घुमट चढवला आणि गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच. या वाटेची सुरुवात जीपीओत दिसते. तरी कौतुकात तिचा क्रमांक मागेच. स्टेशनाला 2004 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना 2018 मध्ये. जीपीओ गॉथिक नाही आणि आर्ट डेकोही नाही. महानगराच्या वारसा यादीत ती पहिल्या श्रेणीत आहे, म्हणजे हात लावताना फार जपायला हवं. दगडाला ते संरक्षण पुरेल, पण घुमटाखालच्या कामाला नाही. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं. टपाल बदलतंय आणि ते बदलणारच. मात्र मोक्याच्या जागेवरची ही इमारत रिकामी करून तिथे दुसरंच काही थाटण्याचा विचार कुणाच्या मनात आला, तर नागरिकांनी तो रोखला पाहिजे. खिडक्या तिथेच राहू द्याव्यात, हवं तर एका दालनात टपालाचा इतिहास मांडावा.

वाचकांनी एवढं करावं: पुढच्या वेळी बोरीबंदरला उतरलात तर कामाच्या वेळात आत जा, रांगेत उभे राहून तिकीट घ्या, एक पत्र टाका आणि निघण्यापूर्वी घुमटाकडे नीट पाहून घ्या.