दुर्बिणीचे आरसे जुळविताना

सहा इंची आरशाची आमची दुर्बीण बसच्या टपावरून डोंगरावर नेली, त्या रात्री शनीच्या कड्याऐवजी आम्हांस दिसला तो शेपूट फुटलेला एक पिवळट ठिपका. घासण्यात चूक राहिली, असे ठरवून आम्ही आरसा पुन्हा घासावयास काढणार होतो. महिन्यामहिन्यांचे श्रम पाण्यात! एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी हात धरला. आरसा उत्तम होता. हादऱ्यांनी तो कलला होता, इतकेच.

न्यूटनने १६६८ साली केलेली रचनाच आपण हौशी मंडळी अजून वापरतो. नळीच्या तळाशी अंतर्वक्र आरसा, आणि वर तिरपा धरलेला छोटा सपाट आरसा, जो प्रकाश बाजूच्या नेत्रभिंगाकडे वळवितो. पॅराबोलाच्या घाटाचा हा मोठा आरसा आपल्या अक्षावरच निर्दोष प्रतिमा देतो; अक्ष सोडला की ताऱ्याला शेपूट फुटते. नाभीय अंतर व्यासाच्या आठपट असेल, तर सुमारे ११ मिलिमीटर रुंदीची निर्दोष जागा मिळते. पाचपट असेल, तर जेमतेम ३! आखूड दुर्बीण वाहावयास सोपी खरी, पण भारी नाजूक प्रकृतीची.

जुळणी दिवसाउजेडी करावी. नेत्रभिंग काढून तेथे मधोमध बारीक भोक पाडलेले, आतून पांढरे झाकण बसवावे व भोकाला डोळा लावावा. प्रथम छोटा आरसा सरकवून, फिरवून मधोमध व गोल दिसेल असा आणावा. मग त्याचा कल असा साधावा की, त्यात मोठ्या आरशाची कड सर्व बाजूंनी सारखी दिसेल. मोठ्या आरशाच्या मध्यावर कागदाची टिकली चिकटवावी. ती छोट्या आरशाच्या सावलीतच राहते, म्हणून नुकसान काही नाही. शेवटी तळाचे तीन स्क्रू फिरवून भोकाचे प्रतिबिंब टिकलीवर आणावे. हा क्रम उलटा केला, तर सारे पुन्हा करावे लागते. एकाने डोळा लावावा, दुसऱ्याने स्क्रू फिरवावा. या वेळी घरात थोडी वादावादी होतेच.

रात्री ध्रुवाकडे पाहून खात्री करावी, कारण तो जागचा फारसा हलत नाही. नळी अर्धा तास बाहेर निवू द्यावी. अधिक वर्धनाचे नेत्रभिंग लावून प्रतिमा किंचित अस्पष्ट केली की, ताऱ्याभोवती वलये दिसतात. ती एककेंद्री नसतील, तर तळाचा स्क्रू अगदी किंचित फिरवून तारा पुन्हा मध्यावर घ्यावा आणि पाहावे. आम्हांस त्या रात्री एका स्क्रूचा पाव फेरा पुरला. मग शनीकडे वळलो, तेव्हा कडे ग्रहापासून सुटे दिसत होते.