वासावर नको, तापमानावर विसंबा

अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि आमच्या वाळवा भागात संडास बांधायची लाट आली. पुढे २०१८ च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात शेजारचा सातारा जिल्हा देशात पहिला आला. संडास झाले, पण त्यातून होणाऱ्या सोनखताचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते हे राहिलेलं अर्धं काम आहे.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं खत करून दाखवलं होतं. मी तेच उसाच्या पट्ट्यात करतो. आमच्या कोरड्या संडासात दर वेळी वर भुसा टाकायचा. बादली भरली की मळ्यातल्या ढिगाच्या मधोमध रिकामी करायची आणि वर वीतभर पाचट पसरायचं. मैल्यात नत्र भरपूर, पाचटात कर्ब. दोन्हींचा मेळ बसला की जिवाणू कामाला लागतात आणि ढीग तापतो.

लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगाच्या पोटात खुपसून मी आकडा वहीत उतरवतो. पारा आठवडाभर ५० अंशांच्या वर राहिला, तर रोगजंतू मरतात, सगळ्यांत चिवट अशी जंतांची अंडीसुद्धा. आकडा चढत नसेल तर हातमोजा घालून मूठभर माल पिळायचा. पाणी ठिबकलं तर पाचट वाढवायचं, भुगा झाला तर पाणी शिंपडायचं. ढीग निदान मीटरभर उंच-रुंद हवा, नाहीतर ऊब टिकत नाही. कडा थंडच राहतात, म्हणून नवा माल नेहमी मध्ये.

भर टाकणं थांबलं की ढीग वर्षभर मुरू द्यायचा. वास गेला म्हणजे खत झालं, असं नाही. तयार खतही मी फळझाडांनाच घालतो. कच्च्या खायच्या भाजीला नाही. जागा विहिरीपासून लांब हवी आणि पूररेषेच्या वर. २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्यांना याचं कारण सांगावं लागणार नाही.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर काम आणखी सोपं. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवा आणि पहिला निदान वर्षभर, जमल्यास दोन वर्षं बंद ठेवा. खड्डा बंद केल्याची तारीख आजच झाकणावर रंगवा. मुदत पुरी झाल्याशिवाय झाकण उघडू नका.