डोंगरी बुजुर्गचं मँगनीज

टॉर्चचा सेल उतरला की लाखनीकडची पोरं तो दगडाने फोडायची आणि आतल्या काळ्या भुकटीने हात माखून घ्यायची. मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची ती भुकटी म्हणजे सेलची धन बाजू, कॅथोड. हे मँगनीज आपल्याच भंडारा जिल्ह्यात निघतं, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीत. खाण नागपूरच्या ‘मॉइल’ची, या कंपनीचं मूळ १८९६ च्या ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातं.

नुसत्या खनिजात भेसळ फार. म्हणून डोंगरीलाच ईएमडीचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड काढण्याचा कारखाना आहे. क्षमता वर्षाला १,५०० टन. या पद्धतीत खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवतात, लोखंड वगैरे काढून टाकतात आणि उकळीला आलेल्या द्रावणात वीज सोडतात. धन पट्टीवर काळा थर चढतो. तो खरवडायचा, धुवायचा, दळायचा.

अशी भुकटी लिथियमच्या क्षारासोबत भट्टीत भाजली की लिथियम मँगनीज ऑक्साइड मिळतं, म्हणजे पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा कॅथोड. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्याकडे काम करताना मायकल थॅकरे यांनी त्याचा पाया घातला. तरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेला सेल गुडइनफ यांच्याच कोबाल्ट कॅथोडचा होता. मँगनीज स्वस्त, पण ग्रॅममागे साधारण १२० मिलिअँपिअर-तासच देतं. कोबाल्ट १४० च्या आसपास.

हा फरक चालवून घेता येतो. खरं दुखणं उष्णतेचं. सेल पन्नास-पंचावन्न अंशांवर गेला की मँगनीज इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतं, पलीकडच्या ऋण बाजूच्या ग्रॅफाइटवर जाऊन बसतं आणि बॅटरीचा दम कमी होतो. पाण्याचा अंश शिरला असेल तर त्यातून बनणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल आणखी नासधूस करतं. मे महिन्यात उन्हात गाडी उभी करणाऱ्या वैदर्भीयाला हे वेगळं सांगायला नको!

उपाय सापडले आहेत. थोड्या मँगनीजच्या जागी ॲल्युमिनियम किंवा जादा लिथियम घालतात, कणांवर ॲल्युमिनाचा पातळ लेप देतात. साठा किंचित घटतो, आयुष्य वाढतं. आपल्या हवेत हा सौदा फायद्याचाच. २०१० च्या पहिल्या निसान लीफमध्ये मँगनीजचाच कॅथोड मुख्य होता.

लिथियमच्या कॅथोडला टॉर्चच्या सेलपेक्षा कितीतरी शुद्ध माल लागतो. तो गाळण्याची आणि भाजण्याची सोय तुमसरलाच झाली पाहिजे. खनिज बाहेर पाठवून तयार बॅटरी विकत घेण्यात भंडाऱ्याचं काही भलं नाही.